चालतोय की चालतंय

आमच्या सरांसमोर 'झालं' म्हणायची सोय नव्हती. 'प्रोग्राम झाला', 'काम झालं', 'सर, माझं झालं' यांतलं काहीही कानावर पडलं की ते मान वर न करता विचारायचे, "कुणाचं?" आणि सूर असा, की आपण कुणाच्या तरी मयताची खबर घेऊन आलोय. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी उड्या मारत त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "सर, झालं."

"कुणाचं?"

"प्रोग्रामचं."

"आरारा. कवा नेणार?"

एवढं बोलून ते पुन्हा बशीतला चहा प्यायला लागले. मला त्यातली खोच कळायला दुपार उजाडली, आणि तोवर प्रोग्राम खरोखरच नेण्याच्या लायकीचा झाला होता.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, जालना रोडपासून जरा आत, एका शेडच्या अर्ध्या भागात होती. उरलेल्या अर्ध्या भागात पत्र्याचे डबे ठोकत. तिकडे ठोकाठोक सुरू झाली की इकडे पडद्यावरची अक्षरं थरथरायची. ते औरंगाबादेत कारखाने उगवण्याचे दिवस. वाळूजला नवे उठत होते, चिकलठाण्यात जुने वाढत होते आणि प्रत्येकाला पगारपत्रक कॉम्प्युटरवर हवं होतं. कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या थोड्यांत आपण आहोत असं आमच्या मालकांचं म्हणणं होतं, आणि त्यांचा पुरावा म्हणजे सर.

सर उंचीनं बेताचे, आवाजानं दांडगे. खिशात कायम फुटाणे. मशीनच्या खोलीत खायला बंदी होती, आणि ती बंदी सरांनीच घातलेली, त्यामुळे ते दारात उभं राहून अर्धं शरीर बाहेर ठेवून फुटाणे खायचे आणि आतल्या हातानं आम्हाला चुका दाखवायचे. त्या खोलीत एसी होता आणि धूळ चालत नसे, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. यावर सर रोज न चुकता वैतागायचे. "देवळाबाहेर चपला काढायचं आमच्या बापानं सोडलं, अन् मला नोकरी लागली ती चपला काढायची." मग आत जाऊन मशीनचं बटण दाबत आणि म्हणत, "जयभीम." मशीन सुरू होताना एक बारीक 'टीं' करायचं. "बघा," सर समाधानानं म्हणायचे, "उत्तर देतं. लोक देत नायत."

सर शहरातलेच, गणितात पदवी घेतलेले, मुंबईला चांगली नोकरी करून परत आलेले. इंग्रजी फाडफाड बोलायचे, पण फक्त मशीनशी. माणसांशी मात्र ठरवून आजोळची बोली. मुंबईचा एक कस्टमर एकदा मालकांना हळूच विचारून गेला की तुमचे ते ड्रायव्हर एवढ्या अधिकारानं का बोलतात.

कॉलेजात असताना ते नामांतराच्या सत्याग्रहात हर्सूलच्या जेलमध्ये जाऊन आले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून तेव्हा शेकडो पोरं आत गेली होती. प्रोग्रामिंग आपण तिथंच शिकलो असा त्यांचा दावा. "आंघोळीला दोन नळ. अन् एवढे सत्याग्रही. पहिल्या दिवशी नळाशी अशी हाणामारी, की जेलर म्हणला, तुमची मागणी नावाची हाय का पाण्याची? मंग म्या रांगा लावल्या. दाढीवाले येगळे, बिनदाढीचे येगळे, अन् ज्याला गाणं म्हणायची सवय हाय तो शेवटी. समदी अंघोळ नाष्ट्याच्या आत. तो माझा पैला प्रोग्राम. अजून कुणाची तक्रार नाय." मुंबईच्या मुलाखतीत अनुभव विचारला तेव्हा त्यांनी 'हर्सूल' असं उत्तर दिलं होतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला ती कुठलीतरी मोठी कंपनी वाटली होती.

त्याच काळात नामांतराच्या रागातून खेड्यापाड्यांत घरं जळाली. त्यात सरांच्या मावशीचं घर गेलं. त्याबद्दल ते एकदाच, एका वाक्यात बोलले, आणि त्या वाक्यावर कधी विनोद केला नाही.

आता माझं. मी करमाडची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, अलीकडे थोडी शेती. मी सकाळच्या एसटीनं चिकलठाण्याला यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. माझं एकच दुखणं होतं, ते म्हणजे मला सीनियर व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे व्हावंच लागणार होतं, कारण आमच्या अण्णांनी करमाडात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी सीनियर झाली. त्यांना कुणीतरी विचारलं, ज्युनियर म्हणजे काय हो? अण्णांना ते 'ज्युनियर कॉलेज'सारखं काहीतरी अपुरं वाटलं आणि त्यांनी मला जागच्या जागी बढती दिली. एसटीत बायका मला 'काय सीनियर' म्हणून हाक मारायच्या. एक तर अण्णा खोटे पडणार होते किंवा मी सीनियर होणार होते, तिसरा रस्ता नव्हता.

म्हणून मी सरांच्या मागे लागायची. "सर, सीनियर व्हायला काय लागतं?"

"मूळव्याध," सर म्हणायचे. "बसून बसून व्हती. झाली की सांग."

दुसऱ्या दिवशी उत्तर वेगळं. "सीनियर म्हंजे जो कमी लिहितो. तू एवढं लांब लिव्हलंस, मशीन वाचता वाचता म्हातारं व्हईल." आणखी एकदा मूड चांगला होता तेव्हा म्हणाले, "मालकासमोर, कस्टमरसमोर, चारचौघांत, मोठ्यानं 'मला माहीत नाय' म्हणता आलं पायजे. म्हण बरं." मी म्हटलं. "आवाज नाय. पुन्यांदा." भिंतीपलीकडे डबे ठोकणारे थांबले आणि काय झालं म्हणून दाराशी येऊन बघायला लागले, तेव्हा कुठे सरांचं समाधान झालं.

पण सरांचं खरं शास्त्र मला कळलं ते एका फोनमुळे. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आम्ही पगाराचा प्रोग्राम बसवून दिला होता. तिथले कारकून वयस्क होते, त्यांना सगळे मामा म्हणत. महिनाभर त्यांचा काही निरोप नाही. मी फोन करून विचारलं, "मामा, प्रोग्राम चालतोय का?" मामा म्हणाले, "चालतंय की." मी खुशीत जाऊन सांगितलं, "सर, मामांकडे सगळं व्यवस्थित आहे. चालतंय म्हणाले."

सरांचा फुटाण्याचा हात तोंडाशी थांबला. "काय म्हणले? चालतोय का चालतंय?"

"चालतंय."

"नीट आठव."

"चालतंय, सर. त्यात काय एवढं?"

सर उठले आणि घाईत मालकांच्या चपला घालून बाहेर पडले. मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सगळ्या रस्त्यानं ओरडत राहिले, कारण स्कूटरचा आवाज आणि सरांचा आवाज यांचं कधी पटायचं नाही. "प्रोग्राम पुल्लिंगी हाय का नाय? मंग तो चालतोय. मामा जुना माणूस, त्यो लिंग चुकणार नाय. चालतंय म्हणला म्हंजे प्रोग्राम नाय चालत. आपलं कसंबसं चालतंय, तुमच्याबिगर चालतंय, देवाच्या दयेनं चालतंय. कळलं का तुला?"

टाइम ऑफिसात पोचलो तर मशीनवर क्रोशाचं कव्हर. कव्हरावर फूल. मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू. शेजारी मामा मांडीवर कागद घेऊन हातानं पगारपत्रक लिहीत बसलेले. आम्हाला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. चहा सांगितला. म्हणाले, "लाइट गेली व्हती एकदा, तवापासून ते उठलंच नाय. म्हणलं, लहान पोरगी हाय, लांबून येती, कशाला तरास द्यावा. आपलं चालतंय."

सरांनी मामांना काही म्हटलं नाही. उलट ते त्यांच्याशेजारी बसले, दोघांनी मिळून उरलेलं पत्रक पूर्ण केलं आणि मग मशीन उठवलं. परतताना मला म्हणाले, "मशीनचं ऐकायला कुणीबी शिकतं. ते सरळ बोलतं. सीनियरला 'चालतंय' ऐकू आलं पायजे." त्यानंतर आमच्याकडे कुठल्याही कामाचा अहवाल लिंगासकट द्यावा लागे. नवी मुलं घाबरून मराठी व्याकरणाची शाळेतली पुस्तकं घेऊन यायला लागली, आणि डबेवालेसुद्धा एकमेकांना विचारायचे, चालतोय का चालतंय?

एके दिवशी मालकांनी सांगितलं की काम वाढलंय, आता दुसरा सीनियर घ्यायचा. त्यांच्या नजरेत पुण्याचा एक मुलगा होता. "हुशार आहे," मालक म्हणाले. "टाय बांधतो."

"आपल्याकडं ही पोरगी हाय," सर म्हणाले.

"ती कच्ची आहे अजून."

"मंग कॉलेजचं काम हिच्याकडं द्या. निभावलं तर हिला करा सीनियर. नाय तर आणा तुमचा टायवाला."

मालक कबूल झाले. टायवाल्याला संक्रांतीनंतर बोलवायचं ठरलं.

काम शहरातल्या एका कॉलेजचं. बोनाफाइड, कॉलेज सोडल्याचा दाखला, पास झाल्याचा दाखला, असे कागद मशीनवर छापून द्यायचे. प्रत्येक कागदावर वरती, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, विद्यापीठाचं नाव. मी नावाची अक्षरं मोजली, अक्षराला एक अशी बरोब्बर तेवढीच घरं ठेवली आणि नाव कागदाच्या मधोमध बसवलं. सरांनी दारातून पाहिलं.

"नाव वाढलं तर?"

"विद्यापीठाचं नाव कशाला वाढेल, सर?" मी म्हणाले आणि जीभ चावली. शहरातली एकही भिंत नामांतराच्या मागणीतून सुटलेली नव्हती, रोज कुठे ना कुठे मोर्चा होता. सर रागावले नाहीत. दाराची चौकट धरून इतके हसले की फुटाणे आत सांडले आणि बंदी पहिल्यांदा मोडली. "अर्धं औरंगाबाद त्याच्यासाठी रस्त्यावर हाय, अन् आमची पोरगी विचारती कशाला वाढंल." त्यांनी माझ्याकडून नावाची घरं दुपटीहून जास्त करून घेतली. नाव होतं तेवढंच, पुढची घरं रिकामी.

कॉलेजचे हेडक्लार्क म्हणजे निवृत्तीला आलेले, उर्दू माध्यमात शिकलेले, काळी टोपी घालणारे गृहस्थ. आम्ही पहिला दाखला छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली आणि नाव डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं.

"बेटा, हे हेडिंग डावीकडं सरकलंय. उजव्या बाजूला एवढी जागा खाली का?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "येणाऱ्यासाठी ठेवलीय."

हेडक्लार्कनी चष्मा काढला. दोघं एकमेकांना ओळखत होते. सर याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि याच खिडकीखाली उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं घोषणा दिल्या होत्या. हेडक्लार्कनी त्या घोषणांमुळे कितीदा बेरीज पहिल्यापासून केली असेल कोण जाणे.

"या जागेची दरख्वास्त कुणी केली होती?" त्यांनी विचारलं.

"म्याच. लई वर्षांमागं. खिडकीतून."

त्या दिवशी आम्ही चहा न घेता परतलो. दुसऱ्या दिवशी मालकांना फोन. ती खाली जागा काढा, नाहीतर मशीन घेऊन जा. जगात कोऱ्या कागदावरून भांडणं झाली असतील, पण छापलेल्या कागदावर जे छापलंच नाही त्यावरून झालेलं हे पहिलंच भांडण असावं. मालक हवालदिल झाले. "उद्या बदललं तर उद्या बदलू," ते म्हणाले. "आज काढून टाका. कॉलेज गेलं तर मी टायवाल्यालाच बोलावतो."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी फुटाण्यांची पुडी बंद करून खिशात ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मला इचारू नको," ते म्हणाले. "ह्यात मी पार्टी हाय. माझा जीव त्या रिकाम्या घरांत अडकलाय. मी सांगन ते तू ऐकशील, अन् ते बरोबर हाय का नाय हे मला सुदिक कळणार नाय. तू ठरव."

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी मला काही शिकवायला नकार दिला होता. मला त्यांचा मनस्वी राग आला. दोन दिवस मी एसटीत कुणाशी बोलले नाही. मग एकटीच कॉलेजात गेले.

हेडक्लार्क जेवणाचा डबा सोडत होते. मला बसवून अर्धी भाकरी दिली. मी जागेबद्दल बोलायला लागले तर म्हणाले, "बेटा, तुला वाटतं मी त्या महापुरुषाच्या विरोधात आहे? तोबा. निजामाच्या राजवटीत पोरवयात मी पत्रकं वाटली, छड्या खाल्ल्या. शिकायचं तर हैदराबादेत जावं लागायचं. मग आपलं स्वतःचं विद्यापीठ झालं, आपल्या मुलखाच्या नावाचं. त्या दिवशी मी रडलो होतो. ते नाव पुसलं जाईल या धास्तीनं मला झोप नाही."

मी भाकरी हातात धरून बसले. मला तोवर वाटत होतं की एकीकडे नाव आहे आणि दुसरीकडे रिकामी जागा. प्रत्यक्षात दोन्हीकडे नावच होतं, आणि दोन माणसं आपापलं नाव राखत बसली होती. ते कुणाचं चूक आहे असं मला काही केल्या वाटेना.

परत येऊन मी प्रोग्रामच्या चारपाच ओळी बदलल्या. रिकामी घरं तशीच ठेवली. फक्त छापायच्या आधी मशीननं नावाची अक्षरं मोजायची आणि उरलेली जागा दोन्ही बाजूंना सारखी वाटून द्यायची. नाव केवढंही असो, ते मधोमधच येणार. शिवाय ते नाव मी प्रोग्रामच्या पोटातून बाहेर काढलं आणि हेडक्लार्कना स्वतः टाइप करता येईल अशा ठिकाणी ठेवलं.

हेडक्लार्कनी फूटपट्टी लावली. डावीकडून, उजवीकडून. सारखं. "अब ठीक," ते म्हणाले.

गप्प बसता आलं असतं, पण बसवेना. "काका, जागा मी काढलेली नाही."

"म्हणजे आहे?"

"आहे."

"दिसत नाही."

"नाही."

त्यांनी फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. "जे कागदावर दिसत नाही त्यावर हेडक्लार्क शेरा मारत नसतो," ते म्हणाले. आणि चहा सांगितला.

मी सरांना सांगितलं, "चालतोय." सरांनी उरलेले सगळे फुटाणे माझ्या हातात ओतले. असा बहुमान त्याआधी कुणाला मिळाला नव्हता.

मग संक्रांत आली आणि त्याच दिवशी बातमी. विद्यापीठाचं नाव बदललं होतं, खरं म्हणजे वाढलं होतं. जुनं नाव राहिलं आणि त्याच्याआधी बाबासाहेबांचं आलं. सर दोनतीन दिवस उगवलेच नाहीत. उगवले तेव्हा आवाज पार बसलेला, कानामागे निळा गुलाल, आणि हातात लाडूंचं एवढं मोठं खोकं की दारातून सरळ आत येईना. त्यांनी डबेवाल्यांना लाडू दिले, मालकांना दिले, मशीनपुढे एक ठेवला. "मागितलं नामांतर, दिला नामविस्तार," ते बसलेल्या आवाजात म्हणाले. "म्हंजे प्रोग्रामरचीच परीक्षा. बदलाला तेवढीच जागा लागती, इस्ताराला जास्त." आणि एवढ्या जोरात हसले की आवाज पुरता गेला.

त्याच आठवड्यात कॉलेजचा निरोप आला. हुकूम निघालाय, दाखल्यांवर नवं नाव हवं. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. मी मागे बसून तीळगुळाचा डबा सांभाळत होते आणि सर हातवारे करून बोलत होते, आवाज नसल्यानं दोन्ही हातांनी, त्यामुळे स्कूटर बहुतेक मीच मनातल्या मनात चालवली.

हेडक्लार्क मशीनपुढे बसले. टोपी नीट केली. एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबायला लागले. सर त्यांच्या खुर्चीमागे उभे. डॉक्टर झालं. पहिलं नाव झालं. आडनाव आलं तेव्हा सरांनी खुर्चीची पाठ अशी धरली, की हेडक्लार्क खुर्चीसकट मागे सरकले. तरी ते पुढे सरकून टाइप करत राहिले. मग त्यांचा मराठवाडा आला. ती अक्षरं त्यांनी जरा सावकाश दाबली आणि मोठा श्वास सोडला. आख्खं नाव एका ओळीत बसलं. शिपाई बघायला आला, शेजारच्या टेबलाच्या बाई आल्या.

"पहिला दाखला कुणाचा काढायचा?" हेडक्लार्कनी विचारलं.

"माझा," सर म्हणाले. आवाज जिथून आणला तिथून आणला.

हेडक्लार्कनी हसत हसत त्यांची जुनी नोंद शोधून दिली, मी ती भरली, आणि प्रिंटर करकरत सुटला. सरांनी कागद जवळजवळ प्रिंटरच्या तोंडातून ओढून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. स्वतःचं नाव, पदवी, आणि वर ते नाव, मधोमध. सर नाचायला लागले. टेबलांच्या मधून, कपाटाला वळसा घालून, एका हातात दाखला आणि दुसऱ्या हातात हेडक्लार्कचा हात. काळी टोपी घातलेले हेडक्लार्क एक फेरी खरोखर नाचले. शिपाई टाळ्या वाजवत होता. "फ्रेम करणार," सर म्हणत होते, "मावशीच्या नव्या घरात लावणार." मीही टाळ्या वाजवत होते. एवढा आनंद मी कुठल्याही ऑफिसात पुन्हा पाहिला नाही.

आणि टाळ्या वाजवता वाजवता मला कागदावरचं साल दिसलं.

सर पास झाले त्या साली हे नाव नव्हतं. मी नावाला जागा ठेवली होती, नाव मधोमध बसवलं होतं, पण सालाशी जोडलंच नव्हतं. आजपासून जो कुणी जुना विद्यार्थी दाखला मागायला येईल, त्याला तो पास झाला तेव्हा अस्तित्वात नसलेलं नाव छापून मिळणार होतं, आणि एखादा नोकरी देणारा तो कागद खोटा म्हणून तोंडावर फेकणार होता. खोलीत कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. सरांच्यासुद्धा. मी गप्प राहिले असते तर संध्याकाळी निवांत दुरुस्त करता आलं असतं, आणि त्यांचा एक कागद त्यांच्याकडे राहिला असता.

"सर," मी म्हणाले, "हा दाखला चुकीचा आहे."

सर नाचतानाच म्हणाले, "काय?"

"तुम्ही पास झालात त्या साली हे नाव नव्हतं. जुन्यांना जुनंच नाव यायला हवं. माझी चूक आहे, आज दुरुस्त करते. तोवर एकही दाखला बाहेर जाऊ देऊ नका. हासुद्धा."

टाळ्या थांबल्या. हेडक्लार्क माझ्याजवळ आले. "राहू दे ना, बेटा," ते हळू आवाजात म्हणाले. "एक कागद. यांनी याच्यासाठी केवढं सोसलंय."

"मला माहीत आहे, काका."

सर खिडकीपाशी गेले. कागद पुन्हा उजेडात धरला. नाव वाचलं, साल वाचलं, मग पुन्हा नाव. पाठ आमच्याकडे होती. मला खरोखर रडू येत होतं.

"म्हंजे ज्यांनी हे नाव आणलं," ते म्हणाले, "त्यांच्यातल्या एकाच्याबी कागदावर ते येणार नाय."

"नाही येणार, सर."

त्यांनी मान हलवली. वळले, माझ्यासमोर आले आणि दाखला माझ्या हातात दिला.

"फाडा," ते म्हणाले.

'फाड' नाही. 'फाडा'. इतक्या वर्षांत त्यांनी मला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती. मी कागद फाडला. तो फाडताना जेवढं जड गेलं तेवढं मला आयुष्यात कुठलंही काम जड गेलं नाही.

मग सरांनी हेडक्लार्कच्या टेबलावरचा फोन फिरवला आणि मालकांना सांगितलं, "टायवाल्याला येऊ नका म्हणावं. आमच्या मॅडम हायत." फोन ठेवला. डबा उघडून सगळ्यांना तीळगूळ वाटला. हेडक्लार्कना दोन दिले. आणि तोंडातला तीळगूळ चावत चावत म्हणाले, "आता मला ॲडमिशन द्या."

"कुणाला?"

"मला. ह्या नावानं पास व्हायचं तर परत पास व्हावं लागंल ना."

हेडक्लार्कनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कोणत्या वर्गात?"

"कोणत्याबी."

"अहो, पण ॲडमिशन जूनमध्ये असते."

"थांबतो," सर म्हणाले, आणि समोरच्या बाकावर मांडी घालून बसले.